साथीला कॉम्प्युटर

"तुझा आवाज येतोय रे, पण तंबोरा कुठाय?" ताईनं न्यू जर्सीहून विचारलं.

तंबोरा माझ्या मांडीशी होता. अस्सल मिरजेचा, पंढरपूरकडच्या भोपळ्याचा, आजोबांनी सतारमेकर गल्लीतून जवारी तीनदा परत काढायला लावून घेतलेला. त्या तंबोऱ्याविरुद्ध आमच्या घरात आजवर एकच तक्रार झालेली आहे, ती म्हणजे तो फार ऐकू येतो. मी फोन जवळजवळ भोपळ्यात घातला आणि चारही तारा छेडल्या.

"बोटं हलताना दिसतायत," ताई म्हणाली, "आवाज काही नाही."

मी म्हटलं जाऊ दे, आणि सा लावला. खर्जातून नीट वर आणून, भोवरा जागेवर उभा राहावा तसा स्थिर केला. दोन सेकंद गेली असतील नसतील.

"आता तूही गेलास."

मुलीनं उलगडा केला. "बाबा, फोनला वाटतं तंबोरा म्हणजे पंखा आहे." फोन माणसांच्या बोलण्यासाठी बनवलेला. बोलणं तुटक असतं, वरखाली होतं. जो आवाज एकसारखा, न हलता येत राहतो तो फोनच्या लेखी गोंगाट. तो हुशारीनं पुसून टाकतो. तंबोरा जितका जुळलेला तितका लवकर पुसला जाणार. माझा सासुद्धा त्याच न्यायानं गेला. मी जरा बेसूर झालो की ताईला परत ऐकू येऊ लागायचो. चाळीस वर्षांच्या रियाजाची अशी परीक्षा आजवर कोणी घेतली नव्हती.

ताईला हवी होती बाबांनी बांधलेली भूपातली चीज. अस्ताई तिला पाठ, अंतरा विसरलेला. तो फोनवरून शिकवायचा म्हणजे मुद्दाम बेसूर गाणं आलं. तेव्हा मी घरात जाहीर केलं की मी ही चीज नीट रेकॉर्ड करणार, आणि त्यासाठी एक कॉम्प्युटर घेणार.

"त्यापेक्षा तो अंतरा आधी तुम्ही पाठ करा," ही म्हणाली. मी दुर्लक्ष केलं.

माझा पेशा बँकेतला, पण जन्म गेला पेटीच्या साथीत. मिरज-सांगलीतल्या किती गवयांच्या मागं मी बसलोय याची मोजदाद नाही. (पेटीवाल्याला एक वडिलोपार्जित न्यूनगंड असतो. तिला मींड काढता येत नाही म्हणून आकाशवाणीनं १९४० साली पेटीला बंदी घातली ती थेट १९७१पर्यंत. माझ्या वडिलांनी तो सगळा काळ पेटीवर टॉवेल टाकून काढला, जणू काही घरात गावठी दारूची भट्टी आहे.) त्यामुळे साथीदार कसा असावा हे मला कोणी शिकवायला नको. मुख्य कलाकार गात असताना त्यानं गप्प बसावं. वेळेवर यावं, म्हणजे समेला, समेनंतर नव्हे. आणि जे झालं ते सगळं लक्षात ठेवावं. रेकॉर्डिंगच्या कॉम्प्युटरकडून मला एवढंच हवं होतं. आमच्या घराण्यात आणि घरात यातले तिन्ही गुण एकत्र असलेला माणूस अद्याप जन्मला नाही, हे मान्य. पण हे तर मशीन.

पहिला सल्ला पुण्याच्या पुतण्याचा. तो आयटीत आहे, शिवाय रात्री दोनपर्यंत गेम खेळतो, म्हणजे त्याला दोन्ही बाजू माहीत. "काका, बत्तीस जीबी रॅम, चांगलं ग्राफिक्स कार्ड. बाकीचं बघायलाच नको." मी विचारलं, ग्राफिक्स कार्ड कशाला? तर म्हणे चित्रं फार स्वच्छ दिसतात. भूप दिसायला कसा असतो हे मला त्याला विचारायचं होतं, पण त्याच्या आईला तो माझी चौकशी कळवतो, म्हणून गप्प बसलो. दिवाळीला येताना तो स्वतःचा लॅपटॉप घेऊन आला. चालू केल्यावर त्याच्या पट्ट्या आधी तांबड्या, मग निळ्या, मग जांभळ्या उजळल्या. गणेशोत्सवात एखादं मंडळ घरात शिरल्यासारखं वाटलं. मग त्यानं त्यावर काहीतरी सुरू केलं आणि आतून पंखा असा काही सुटला की हिनं आतून विचारलं, "मिक्सर कोणी लावला?"

साथीदाराचा पहिला गुण तिथंच बाद झाला. रेकॉर्डिंगच्या मशीनला पंखा असतो, आणि काम वाढलं की तो वाढतो. म्हणजे तुम्ही अतिविलंबितात पहिली जागा घेता, मशीन घामाघूम होतं, आणि तुमच्या आलापीला मागून पिठाची गिरणी लागते.

बत्तीस जीबीचंही मला कोडं पडलं. १९८५ साली अटारी एसटी नावाचा एक कॉम्प्युटर निघाला, त्याला वाद्यं जोडायची मिडीची खोबणी कारखान्यातूनच आलेली होती. पहिल्या मॉडेलची मेमरी ५१२ केबी. पुतण्याची मागणी त्याच्या पासष्ट हजार पट. त्या अटारीवर पाश्चात्त्य देशांतल्या वादकांनी वर्षानुवर्षं कामं केली. आता खरं सांगायचं तर अटारी आवाज साठवत नसे. मिडी म्हणजे कोणती पट्टी कधी दाबली, किती जोरानं, कधी सोडली याची नोंद. थोडक्यात भातखंड्यांची स्वरलिपी, विजेवर चालणारी. स्वरलिपीला जागा लागते किती? बाबांच्या तीनशे चिजा एका दोनशे पानी वहीत मावल्यात, वर मधल्या पानांवर दुधाचा हिशोब आहे.

दुसरा सल्ला सांगलीच्या एका दुकानात मिळाला. मालकाला मी सांगितलं, गाण्याच्या रेकॉर्डिंगसाठी हवाय. त्यानं एक मशीन पुढं ओढलं. "हे न्या साहेब. आणि गाणी मी भरून देतो. जुनी, नवी, भक्तिगीतं, सगळी. दहा हजार. फुकट."

"मला भरायची नाहीत, गायचीत."

त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग मशीनकडं पाहिलं, आणि आवाज खाली आणून म्हणाला, "मग साहेब, त्याला कॉम्प्युटर कशाला लागतोय?" आज विचार केला तर त्या तीन महिन्यांत मला मिळालेला हा सर्वांत मुद्देसूद सल्ला होता.

तिसरे निघाले ॲपलवाले. ही मंडळी सल्ला देत नाहीत, अनुग्रह देतात. हिच्या भावाचा जावई त्या संप्रदायातला. त्याचं म्हणणं, मॅकबुक एअरला २०२० सालापासून पंखाच नाही, आवाज शून्य. आणि रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर त्यात फुकट येतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, मी नंतर खात्री केली. त्या सुरावटीत मी जवळजवळ विरघळलोच होतो. मग किंमत विचारली. मशीनला पंखा नव्हता ते बरोबरच आहे. ती किंमत ऐकल्यावर मला लागला.

शेवटी मी आमच्या गल्लीतल्या साउंडवाल्याला गाठलं. लग्न, मुंज, प्रवचन, निवडणूक, सगळ्याला ह्याचाच आवाज. स्वतःचा लॅपटॉप इतका जुना की त्याच्या कीबोर्डवरची अक्षरं पुसून गेलीत आणि बिजागरीला चिकटपट्टी आहे. त्याच मशीनवर तो पाच हजार माणसांचा कार्यक्रम रेकॉर्ड करतो.

"काका, उगं कशाला पैसं घालताय?" तो म्हणाला. "घरात काय पडून हाय?"

घरात मुलीचा कॉलेजातला लॅपटॉप होता. ती नोकरीला लागल्यापासून तो कपाटावर, वर पापडाचा डबा. साउंडवाल्यानं तो खाली काढून कानाशी धरला, डॉक्टर छाती तपासतात तसा. "हार्डडिस्क वाजतीया. ही बदला. एसएसडी टाका. रॅम चारची आठ करा. बास." मी दुसऱ्या दिवशी सांगलीला जाऊन ते करून आणलं. जुनी हार्डडिस्क दुकानदारानं हातात दिली, ती मी अजून ठेवलीय. तिच्यातली चकती मिनिटाला ५४०० फेरे घ्यायची. ग्रामोफोनची तबकडी घ्यायची ७८. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ, ज्यांची समाधी आमच्या दर्ग्यात आहे, त्यांनी एका बाजूच्या तीन मिनिटांत, त्या ७८च्या वेगात झिंझोटी अशी काही बसवून ठेवलीय की जाणकार अजून टाचणी टेकवून डोळे पुसतात. नवीन डिस्कला चकतीच नाही, ती फिरतच नाही, आणि तिच्यात एक टेराबाइट जागा आहे. हिशोब केला. सीडीच्या दर्जाचं रेकॉर्डिंग मिनिटाला दहा एमबी खातं, म्हणजे सुमारे दीड हजार तास. तबकडीच्या भाषेत तीस हजार बाजू. भरायला माझ्याकडे होती एक चीज, तिचाही अंतरा कच्चा.

साउंडवाल्यानं आणखी दोन गोष्टी घ्यायला लावल्या. एक साउंड कार्ड. म्हणजे कार्ड वगैरे काही नाही, लोखंडी डबा, विटेच्या अर्ध्या आकाराचा. पुढं माईकची दोन भोकं, वर दोन चाव्या, मागून वायर कॉम्प्युटरला. दुसरा माईक. मला कंडेन्सर माईक हवा होता, कारण फोटोत सगळे गायक त्याच्यापुढं उभे असतात. "कंडेन्सर नको काका," तो म्हणाला. "त्याला अठ्ठेचाळीस व्होल्ट द्यावं लागत्यात आणि मग तो समदं ऐकतो. सोसायटीचा सेक्रेटरी असतो बघा, तसा. तुम्ही साधा डायनामिक घ्या, तोंडापुरतं ऐकणारा."

मी कंडेन्सर घेतला.

पहिल्या दिवशी सगळं जोडलं, इअरफोन कानाला लावले आणि ऐकलं तर कोणीतरी गुणगुणत होतं. खर्जात, अखंड. मी आधी वायर बदलली, मग माईक बदलून पाहिला, मग देवाला नमस्कार केला. साउंडवाला फोनवर एवढंच म्हणाला, "हम येतोय. अर्थिंग बघा."

शेजारी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले प्राध्यापक राहतात. त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी स्वतःहून प्रश्न विचारला असावा, कारण ते चहा अर्धा टाकून आले. त्यांचं निदान: आपली वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावे घेते. चार्जरला अर्थिंग नसलं की तो हेलकावा आवाजाच्या वायरीत शिरतो आणि कानाला सूर म्हणून ऐकू येतो. "पन्नास, शंभर, दीडशे, दोनशे हर्ट्झ. तुमच्या पेटीत कोणता सूर तो?"

मी भाता ओढून पाहिला. पांढरी पाच, पण एक केस चढी. पेटीच्या सुरांचा तक्ता काढून ताडलं तर खरंच: खर्जातली पांढरी पाच ४९ हर्ट्झची, वीज पन्नासची.

माझी पट्टी काळी एक. वाचकांपैकी ज्यांच्या घरी पेटी आहे त्यांनी आत्ताच मोजून पाहावं. काळी एकला षड्ज धरला की पांढरी पाच येते तीव्र मध्यमावर. आणि मी गाणार होतो भूप. भूपात मध्यम वर्ज्य. औषधाला नाही. तिथं माझ्या भूपात तीव्र मध्यम न थांबता, न श्वास घेता, अहोरात्र लागलेला.

"मग यमन गा," प्राध्यापक म्हणाले. त्यांचा संगीताचा काही संबंध नाही, पण हिशोब चोख. "किंवा पांढरी एकमध्ये गा, मग वीज पंचम देईल."

"चढा पंचम."

"ती तक्रार मोठी आहे," ते खूश होऊन म्हणाले. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीनं दक्षिणेचं वीजजाळं उर्वरित देशाच्या जाळ्याला एका तालात जोडलं, तेव्हापासून काश्मीर ते कन्याकुमारी देशभर एकच कंपन आहे, हे त्यांनी मला सांगितलं. म्हणजे ही पांढरी पाच सगळ्या भारताची. दक्षिण आणि उत्तर पद्धतींचा मिलाफ व्हावा म्हणून थोरामोठ्यांनी आयुष्यं वेचली. तो झाला सोलापुराजवळ, आणि कुणी टाळीसुद्धा वाजवली नाही.

उपाय मुलीनं केला. तिनं लॅपटॉपचा चार्जर उपटला. गुणगुण बंद. अशी शांतता पसरली की मला पहिल्यांदा माझ्या इअरफोनमधून घड्याळ ऐकू आलं. मग लॅपटॉपनं सांगितलं की बॅटरी म्हातारी आहे, नऊ मिनिटं उरलीत.

नऊ मिनिटं. खाँसाहेबांच्या तिप्पट. दीड हजार तासांची जागा घेऊन बसलेल्या माणसाला नियतीनं तबकडीच्या तीन बाजू मोजून दिल्या. नवी बॅटरी त्या मॉडेलला मिळत नाही, अर्थिंगला वायरमन रविवारी येतो म्हणाला. कोणत्या, ते म्हणाला नाही.

आता साथीदाराचा दुसरा गुण, वेळेवर येणं. माझा बेत असा होता की आधी पेटी रेकॉर्ड करायची, मग ती कानात ऐकत तंबोरा घेऊन गायचं. जन्मभर दुसऱ्याच्या गळ्यामागं बोटं पळवली, आता स्वतःच्या बोटांमागं गळा पळवायचा. पेटी छान झाली. इअरफोन लावला, पेटी सुरू झाली, मी तोंड उघडलं, आणि सा माझ्या कानात उशिरा आला. फार नाही, जरासा. पण हा जरासा फार वाईट. गणपतीच्या आरतीत मागची रांग असते ना, पुढचे पुढच्या कडव्याला गेले तरी मागं अजून टाळ्या चाललेल्या असतात, तसं. फरक एवढाच की इथं पुढचाही मीच आणि मागचाही मीच. मी स्वतःला गाठायला हळू झालो, तर मागचाही हळू झाला. भूपाचा वेग कमी कमी होत अखेर आम्ही दोघेही थांबलो.

साउंडवाल्याचा भाऊ मिरज ते म्हैसाळ वडापची जीप चालवतो. त्यामुळे त्यानं जे समजावलं ते मला कोणत्याच पुस्तकात सापडलं नसतं.

"काका, आवाज कॉम्प्युटरमधी नळाच्या पाण्यागत धो धो जात न्हाई. वडापनं जातो. सेकंदाला ४४,१०० शिटा. जीप भरल्याबिगर हलत न्हाई. तुमच्या सेटिंगला जीप हाय १०२४ शिटांची. ती भरंस्तवर तुमचा सा स्टँडवरच हुबा."

"मग लहान जीप लाव की."

"लावतो. चौसष्टची लावतो. पण मग डायवरनं सेकंदाला सातशे फेऱ्या मारायच्या. तुमचा डायवर म्हातारा." त्यानं लावूनही दाखवलं. लॅपटॉपनं क्षणभर दम धरला, मग कानात फुटाणे भाजल्यासारखी तडतड सुरू झाली. "बघा. फेरी चुकली. शिटा रस्त्यावर."

या जीपला बफर म्हणतात आणि स्टँडवर थांबण्याला लेटन्सी, हे मला नंतर कळलं. पण आमच्या घरात वडाप हाच शब्द रूढ झालाय. "यांचा आवाज वडापमध्ये आहे," ही लोकांना सांगते.

प्राध्यापक अर्थातच आले होते. १०२४ला ४४,१००नं भागलं की जाताना २३ मिलिसेकंद, येताना तेवढेच, एकूण ४६. ध्वनी सेकंदाला साधारण ३४३ मीटर चालतो. "म्हणजे तुम्ही स्वतःपासून सोळा मीटर लांब बसून गाताय." ते टेप घेऊन आलेच होते. माझ्या गादीपासून सोळा मीटर म्हणजे गॅलरी, खालचा रस्ता आणि पलीकडं इस्त्रीवाल्याची टपरी. तेव्हापासून मी त्या टपरीवरून जाताना जरा नजर टाकतो. माझा सा तिथं बाकावर बसलेला असतो असं मला वाटतं.

याला नवं, दमदार मशीन हाच उपाय, असं मला वाटू लागलं होतं. तरुण डायव्हर, लहान जीप, सेकंदाला सातशे फेऱ्या. पुतण्याचे मेसेज पुन्हा उघडून मी किमती पाहायला लागलो. तेवढ्यात साउंडवाल्यानं लोखंडी डब्यावरचं एक बारकं बटण दाबलं. त्यावर इंग्रजीत डायरेक्ट असं लिहिलेलं. महिनाभर ते माझ्यासमोर होतं आणि मी त्यावर चष्मा ठेवत होतो.

"आता गा."

मी गायलो. सा तिथल्या तिथं, माझ्या कानात.

"रेकॉर्डिंग वडापनंच जातंय," तो म्हणाला, "पण तुमच्या कानात तुमचा आवाज आता डब्यातनंच परत येतो. मशीनच्या आत जाईतच न्हाई. मशीन तरणं असूं दे न्हाईतर म्हातारं, तुम्हाला काय?"

मी त्याला विचारलं, हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस? म्हणाला, "तुम्ही कंडेन्सर घेतला तवाच म्हटलं, काका ऐकणारं न्हाईत."

कंडेन्सरबद्दल तो म्हणाला होता ते शब्दशः खरं निघालं. आमचं घर स्टेशनपासून दहा मिनिटांवर. मिरज जंक्शन, गाड्यांना तोटा नाही. इंजिनाचे भोंगे मला जन्मापासून ऐकू येतात, म्हणजे येत नाहीत. माईकला आले. घंटागाडी आली. वरच्या मजल्यावर खुर्ची सरकली. कुकरच्या तीन शिट्या सुरात, चौथी बेसूर. वसंतात कोकिळा येते तेव्हा कवींना काय होतं मला माहीत नाही. माझी दोन आठवडे एकही तान पुरी होऊ शकली नाही. एकदा मात्र सगळं साधलं. गाडी नाही, घंटा नाही, कोकिळा नाही. अंतरा सुरेख उतरला. परत ऐकताना तिसऱ्या ओळीवर चुक, चुक, चुक. मनात शंकेची पाल चुकचुकते हे ऐकून होतो. ही भिंतीवरची, आणि २४ बिटमध्ये.

खोलीत आवाज घुमायचा, ते मात्र हिनं एका सकाळी सोडवलं, तेही कसलाही सल्ला न मागता. तिला कपाट आवरायचं होतं, मला गायचं होतं, कोणी हटेना. दारं सताड उघडी, समोर चाळीसेक साड्या, मागं दोरीवर वाळत घातलेल्या दोन गोधड्या. मी हट्टानं तिथंच बसून गायलो आणि आवाज असा आला की जणू स्टुडिओत आहे. कापड आवाज पिऊन टाकतं. भिंती त्याला परत फेकतात, पैठणी परत फेकत नाही. आता मी रोज कपाटापुढं बसतो. इतका शिस्तीचा श्रोतृवर्ग मला मिरजेत दुसरा मिळाला नाही. एकही उठून जात नाही, एकही घड्याळ पाहत नाही.

राहिला तिसरा गुण, लक्षात ठेवणं. मशीन सगळं लक्षात ठेवतं, तेच तर दुखणं. डिस्कवर माझे आजवरचे एकशे बारा भूप आहेत. 'भूप १', 'भूप २' अशी सुरुवात, मग 'भूप बरा', 'भूप पाल', 'भूप शेवटचा', 'भूप शेवटचा २', 'भूप आता खरंच'. कुठला कोणता ते मलाही सांगता येत नाही. १९०२ साली कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग रेकॉर्डिंग करायला आला तेव्हा गौहर जाननं यावर फार सोपा तोडगा वापरला होता. तबकड्या छापून यायच्या जर्मनीतल्या हॅनोव्हरहून. तिथल्या कारागिराला कळावं कोणाचं गाणं ते, म्हणून ती शेवटी स्वतःचं नाव इंग्रजीत ठणकावून सांगे. गाणं तीन मिनिटांचं, सही दोन सेकंदांची. ती सही आजही ऐकू येते. मी हे हिला सांगितलं. ती म्हणाली, "तुमचा भूप कोणी चोरणार नाही. नाव नाही सांगितलं तरी चालेल."

मागच्या महिन्यात एका पहाटे उठलो. कोयना एक्स्प्रेस अजून यायची होती. कपाट उघडलं, गोधड्या टांगल्या, पंखा बंद केला, भिंतीवर पाल नाही याची बॅटरी मारून खात्री केली. चार्जर उपटला. नऊ मिनिटं. पेटी कानात सुरू झाली, तंबोरा मिळालेला, डायरेक्टचं बटण दाबलेलं. अस्ताई दोनदा घेतली. अंतरा आला, बाबा घ्यायचे तशी वरच्या षड्जावर जरा वाट पाहिली आणि खाली उतरलो. काहीही झालं नाही. भोंगा नाही, कुकर नाही. बॅटरीवर दोन मिनिटं शिल्लक होती. समेवर आलो आणि तारा विझेपर्यंत श्वास धरून बसलो.

तारा विझायच्या आत दार उघडलं.

"अहो, झालं असेल तर पिंप भरायला घ्या. नळ आलाय."

ते काढून टाकायला दोन क्लिक लागतात, मला शिकवलेलं आहे. पण तेवढ्यात लॅपटॉप विझला, आणि चार्जर लावून पुन्हा उघडेपर्यंत खरंच पिंप भरणं आलं होतं. दुपारी मी ती फाइल आहे तशी ताईला पाठवली.

दोन तासांनी तिचा मेसेज आला. तिकडं सकाळ झाली असावी.

"तंबोरा छान ऐकू आला. नळ अजून साडेसहालाच येतो का रे?"